अठरा चिंचोके

मी शाळेत दोनच दिवस गेलो. पहिल्या दिवशी नाव घातलं, दुसऱ्या दिवशी मास्तरांचा डबा खाल्ला. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हनले, "तू घरीच बरा हाइस." म्हनून हे मी सांगून राहिलो आन माझी लेक लिव्हून घेऊन राहिली. मधीच तिचा हात थांबतो. मी म्हनतो, लिव्ह गं बाई, तुझ्या बापाची इज्जत काय आजच चालली न्हाई.

धंदा माझा आचाऱ्याचा. मुखेडच्या भवतालच्या खेड्यांत लगीन म्हना, बारसं म्हना, तेरवी म्हना, माझी भट्टी पेटल्याबिगर पंगत बसत न्हाई. अक्षर येत न्हाई, पन अंदाज येतो. आकडे बी वळखतो, कारन काट्यावर आकडे असतेत. पाचशे मानसाला तांदूळ किती, हजाराला तेल किती, मला झोपंतून उठवून इचारा.

माझ्या उस्तादानं मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हंजे, कुनी दहा पुऱ्या खातो, कुनी दोन, त्याची फिकीर करायची न्हाई. सगळ्या डेगीचा हिशोब धरायचा आन जेवढी डोकी तेवढ्यानं भागायचा. दुसरी म्हंजे, घरची मानसं डोक्यांत धरायची न्हाईत. "घरचे उरल्यावर जेवतेत," उस्ताद म्हनायचा. ह्या दोन गोष्टींवर मी तीस वर्सं भाकर खाल्ली. लई खाल्ली.

लई खाल्ली त्याला कारन हाय. आचारी आपल्या हातचं खात न्हाई. दिसभर तेलाच्या वाफंत उभं ऱ्हायलं की पुरी बघूनच मळमळ सुटती. लोकांला वाटतं, ह्याची रोज दिवाळी. मी मातर घरी जायचो उपाशी, आन दारातूनच वरडायचो, "वाढ गं!" बायको वाढायची. बेसन, येसराची आमटी, शेंगदान्याची चटनी, गरम भाकर. भाकर तव्यावरून ताटात, ताटातून पोटात. ती चुलीम्होरं बसून थापायची, मी खायचो. ती कवा जेवायची, काय जेवायची, मला म्हाईत नव्हतं. बघितलं असतं तर दिसलं असतं. पन हात धुतला की मी बाजंवर, आन बाजंवर पडलो की मी जिता हाय का मेलो हे फकस्त घोरन्यावरून कळायचं.

तिच्या गर्भाच्या पिशवीत गाठ निघाली. लई दिवस तिनं सांगितलंच न्हाई. सांगितलं तवा आमी लातूरला गेलो. तिथले डाक्टर कागद बघून म्हनले, "आपरेशन करावं लागतंय. पन बाईच्या अंगात रगत न्हाई, वजन न्हाई. चौतीस किलो हाय. अडतीस करून आना, मग टेबलावर घेतो. दोन महिन्याच्या आत करा, गाठ आपल्यासाठी थांबत न्हाई."

मी म्हनलो, "चारच किलो ना साहेब? माझ्या पोटाचे कापून घ्या. वर अर्धा किलो मांडीचं फुकट देतो."

डाक्टर हसले न्हाईत. बायको हसली. ती माझ्या सगळ्याच बोलन्याला हसायची.

तिथंच एका खोलीत आहाराच्या ताई बसत्यात. वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी एक कागद दिला. त्याच्यावर भाकरीचं चित्र, अंड्याचं चित्र, तेलाच्या चमच्याचं चित्र, आन समोर आकडे. म्हनल्या, "मामा, ह्याला क्यालरी म्हनतेत. अन्नात जेवढी ताकद, तेवढा आकडा. मामींच्या पोटात रोज अठराशे गेले पायजेत. मोठी भाकर दोनशे. मूठभर शेंगदाने दीडशे."

"आन तेल?" मी इचारलं.

"तेलाचं तर बघा, एका किलोत नऊ हजार."

मी मनात पंधरा किलोच्या डब्याचा हिशोब केला आन उडालोच. म्हनलं, "ताई, म्या आजवर लोकांच्या लग्नात एवढ्या क्यालऱ्या ओतल्या, की सगळा मुखेड तालुका पैलवान व्हायला पायजे व्हता!" ताई हसल्या. मला लई बरं वाटलं. कुनी हसलं की मला वाटतं, काम झालं. तिथं एक काटा व्हता. मी गंमत म्हनून त्याच्यावर उभा ऱ्हायलो. ब्याऐंशी. "आमचा दोघांचा मिळून हिशोब बरोबर हाय," मी म्हनलो, "वाटनी तेवढी चुकली." हे मी त्या दिवशी हसून म्हनलो व्हतो. लेकी, हे नीट लिव्ह.

घरी आलो आन कामाला लागलो. कागदावरचे आकडे तोंडपाठ केले. लिव्हता येत न्हाई, म्हनून चिंचोके घेतले. एक चिंचोका म्हंजे शंभर. बायकोच्या रोजच्या अठराशेचे अठरा चिंचोके. त्यांच्यासाठी गोड तेलाचा एक रिकामा डबा धुवून ठेवला. सकाळी ती सैपाकाला बसली की मी काटा घेऊन बाजूला बसायचो. पीठ तोलायचं, दाने तोलायचे, तेल मापायचं. ती म्हनायची, "आवो, चुलीजवळ बाप्या मानसानं बसू नये."

"मी आचारी हाय."

"त्ये लोकांच्या घरी."

मी तिला तेल वाढवायला लावलं. भाजीत कूट, बेसनात कूट, वरनावर तेलाची धार. दोघांचं मिळून रोज छत्तीस चिंचोक्यांचं रांधायचं. भागिले दोन, अठरा. हिशोबात मी कच्चा न्हाई. रोज संध्याकाळी जेवन झालं की तिच्या डब्यात अठरा चिंचोके टाकायचो. ठन ठन आवाज यायचा. मोठी मर्दुमकी केल्यावानी मी तिच्याकडं बघायचो, आन ती हसायची.

लेक निलंग्याला दिलेली. ती रोज फोन करायची. "अप्पा, आईनं किती खाल्लं?"

"अठरा!"

"रोजच अठरा कसं काय वो?"

"अगं, तुझा बाप मोजतोय. कमी का पडतंय?"

आन ते जेवन लई चवदार व्हायला लागलं. एवढं तेल, एवढा कूट आमच्या घरात सनाला बी नव्हता. मी म्हनायचो, "आनखी एक वाढ." ती वाढायची. "आमटी ऱ्हायली का?" "हाय की." ती डेगचीत पळी फिरवायची. खाली खडखड वाजायचं. ती खडखड मी ऐकायचो. डेगची रिकामी झाल्याचा आवाज वळखायचाच तर माझा धंदा हाय. भर पंगतीत शंभर मानसं बोलून राहिली तरी मला त्यो आवाज येतो. घरात आला न्हाई. आला, पन मी त्याचा अर्थ लावला न्हाई.

महिना भरला. चिंचोक्यांचा डबा भरला. मी त्यो डबा पिशवीत घालून लातूरला निघालो, ताईंला दाखवायला. बायको म्हनली, "डबा कशाला? लोक हसतील." म्हनलं, "हसू दे. आपलं काय जातंय?" अहमदपूरला बस बदलायची व्हती. स्टँडवर भज्याच्या दोन प्लेटा घेतल्या. तिनं एक भजं हातात घेतलं. अहमदपूर सुटलं, पुढचं गाव आलं, ते भजं तिच्या हातातच व्हतं. मग तिनं ते कागदात बांधलं आन म्हनली, "तुमाला मागून लागंल भूक."

दवाखान्यात ताईंनी बायकोला काट्यावर चढवलं. चौतीस. म्हंजे जेवढं तेवढंच. मी म्हनलो, "ताई, आसं कसं? हे बघा," आन डबा उघडून त्यांच्या टेबलावर वतायला लागलो. तेवढ्यात बायको काट्यावरून उतरताना तिच्या कमरेच्या पिशवीची दोरी सुटली. पान-सुपारीची पिशवी असती ना बायांची, ती. पिशवी फरशीवर पडली. ठन्न.

त्यो आवाज मला वळखू आला. माझं एक किलोचं लोखंडी माप व्हतं ते. भट्टीवर मसाला तोलायचं.

ताईंनी माप उचलून टेबलावर चिंचोक्यांशेजारी ठेवलं आन बायकोला परत चढवलं. तेहतीस.

मला लई लाज वाटली. आन मला लाज वाटली की माझं तोंड सुटतं. म्हनलं, "ताई, काटाच मेलाय तुमचा. बघा, मी उभा ऱ्हातो, सत्तर दाखवंल!" चपला काढून उभा ऱ्हायलो. मला हसवायचं व्हतं सगळ्यांला.

शहाऐंशी.

पहिल्या दिवशी दोघांची वजनं लिव्हून ठेवलेला जुना कागद ताईंनी काढला. माझ्या ब्याऐंशीवर बोट ठेवलं. तिच्या चौतीसवर बोट ठेवलं. मग एकदम हळू आवाजात इचारलं, "मामा, घरात जेवायला आधी कोन बसतं?"

म्हनलं, "मी."

"मग मामी?"

मी बायकोकडं बघितलं. ती खाली पडलेली सुपारी गोळा करून राहिली व्हती. म्हनली, "उरलेलं खाते की मी. न्हाई असं न्हाई."

मला मागं उस्ताद उभा हाय असं वाटलं. घरचे उरल्यावर जेवतेत. पाचशे मानसांत सरासरी चालती. दोन मानसांत सरासरी म्हंजे एकानं खायचं आन दुसऱ्याच्या नावावर मांडायचं. डाक्टरनं चार किलो वाढवायला सांगितले व्हते, आन आमी महिन्यात बरोबर चार किलो वाढवले. फकस्त माझ्यात.

बसमदी मी तिला इचारलं, "माप कामून बांधलंस गं?"

ती खिडकीबाहेर बघून म्हनली, "तुमी लई आनंदानं मोजून राहिलते. म्हनलं, कशाला तुमचा हिशोब मोडावा."

अहमदपूरला उतरलो. मी भज्याच्या गाड्याकडं बघितलं बी न्हाई. ती म्हनली, "आवो, तुमी सकाळपून काय खाल्लं न्हाई." माझ्या तोंडात एक गंमत आली व्हती. गिळली. तेवढंच खाल्लं त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका कार्यातून घरी आलो, तिला पाटावर बसवलं आन वाढायला उभा ऱ्हायलो. हजारो मानसाला वाढलंय मी, पन हिला पहिल्यांदाच वाढत व्हतो. ती ताटाकडं बघंना. "असं कसं? तुमी बसल्याबिगर मी कशी बसू?"

"मी कार्यातून जेवून आलोय."

"आचारी कार्यात जेवत न्हाई," ती म्हनली. "तीस वर्सं झाली. मला नका शिकवू."

तिनं पदर तोंडाला लावला. घास उचलंना. मी रागावलो, तर ताट सारून उठली. नवऱ्याच्या आधी जेवायचं म्हंजे तिला चोरी केल्यावानी वाटायचं. मग तिसऱ्या दिवशी मी दोन ताटं शेजारी शेजारी मांडली. म्हनलं, तुझा एक घास, माझा एक घास. तू थांबलीस तर मी थांबनार. मी म्हंजे भाकर दोन घासात संपवनारा मानूस. तिच्या चालीनं जेवायचं म्हंजे बैलाला शेळीसंगं जुंपल्यावानी झालं. ती एक घास चावायची तवर माझ्या पोटात मांजरं भांडायची. पन तवा मी तिला पहिल्यांदा जेवताना बघितलं. ती डाव्या बाजूनंच चावती. उजवीकडच्या दाढा गेल्यात. कवा गेल्या, मला म्हाईत नव्हतं.

डबा रिकामा करून परत मोजायला लागलो. आता रांधलेलं न्हाई, पोटात गेलेलं. पहिल्या दिवशी सात चिंचोके. मग आठ. पंध्रा दिवसांनी अकरा. एके दिवशी चौदा झाले तर मी लेकीला फोन करून वरडलो, "चौदा!" ती म्हनली, "अप्पा, पहिलं तर रोज अठरा व्हते ना?" म्हनलं, "ते मी खाल्लेले व्हते, बाई."

दोन महिने भरले. लातूरला गेलो. साडेपस्तीस. कमरेची पिशवी तिनं आधीच काढून माझ्या हातात दिली व्हती. माझं वजन मी केलं न्हाई. ताई म्हनल्या, "मामी, छान हाय. आसंच चालू ठेवा." डाक्टरनं परत फोटू काढायला लावले. फोटू बघून मला एकट्याला आत बोलावलं. गाठ लिवरला लागली व्हती. म्हनले, "आता कापून काय उपेग न्हाई."

मी इचारलं, "साहेब, मागच्याच महिन्यात वजन भरलं असतं तर?"

डाक्टर कागद सारखे करायला लागले. आधीच सारखे असलेले कागद त्यांनी दोनदा सारखे केले. मग म्हनले, "आता त्याचा इचार करू नका. त्यांला आवडंल ते खायला द्या."

बाहेर आलो. ती बाकड्यावर बसली व्हती. म्हनली, "काय म्हनले?"

म्हनलं, "तुला आवडंल ते खायला द्या म्हनले."

ती माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. तिला कळलं. आन मला दुसरंच कळलं, की हिला काय आवडतं ते मला म्हाईत न्हाई. लग्नाच्या घरी गेलो की मी पहिलं इचारतो, गोड काय करायचं, बुंदी का जिलेबी, भाजी वांग्याची का बटाट्याची. गावोगावच्या परक्या मानसांच्या जिभा मला पाठ हायत. घरी कधी इचारलंच न्हाई.

इचारलं. म्हनली, "काय बी चालतंय." दुसऱ्या दिवशी परत इचारलं. म्हनली, "मी काय इचार केला न्हाई त्याचा." मी पिच्छा सोडला न्हाई. तिसऱ्या दिवशी दुपारी पडल्या पडल्या म्हनली, "तुमच्या हातची बुंदी. गरम. तुमी दुसऱ्या दिवशी घेऊन येता ती वाळलेली असती. कढईतून काढल्याबरुबर कशी लागती ते मला म्हाईत न्हाई."

मी अंगनात भट्टी पेटवली. आता गंमत आयका. मला एका मानसाची बुंदी करता येत न्हाई. पाचशेची येती, हजाराची येती. एका मानसाला बेसन किती, पाक किती, हात चालंना. कमीत कमी म्हनलं तरी दोन किलोचं पीठ भिजलं. पहिला झारा पाकात बुडवला, वाटीत घातला आन पळत आत गेलो. तिनं चमचाभर खाल्ली. डोळे मिटून खाल्ली. मग म्हनली, "पाक थोडा पुढं गेलाय."

तीस वर्सांत माझ्या बुंदीला कुनी नाव ठिवलं नव्हतं. तिनं ठिवलं, आन बरोबर ठिवलं. घाबरून मी पाक पुढं नेला व्हता, लई घट्ट केला व्हता.

दुसरा चमचा तिला गेला न्हाई. बाकीची बुंदी गल्लीनं खाल्ली. चिंचोक्याच्या डब्यात काय टाकायचं ते मला कळंना. एक बी भरत नव्हता. पन एक टाकला.

त्याच्यानंतर मोजलं न्हाई. लेक येऊन ऱ्हायली. पानी, मग पान्याचा चमचा, मग कापसाचा बोळा. एका सकाळी ते बी थांबलं.

तेरवीला भावकी म्हनली, तू भट्टीवर बसायचं न्हाई, बरं दिसत न्हाई. अहमदपूरकडचा एक आचारी बोलावला. माझ्याहून तरना, हुशार मानूस. अंगनात उकिडवा बसून त्यानं इचारलं, "मामा, डोकी किती धरू?"

"तीनशे."

"घरचे?"

आचारी असं कधी इचारत न्हाई. त्याचा उस्ताद येगळा असंल. मी म्हनलं, "लेक, जावई, नातवंडं धर. लेकीचं ताट पहिल्या पंगतीत वाढ. मी उभा ऱ्हाऊन बघनार हाय."

"आन तुमी?"

"मला नको धरू. मी उरल्यावर बसतो."

पंगती उठल्या. भांडी घासायला काढली तवा मी बसलो. डेगीच्या बुडाचा भात निघाला, थोडा करपलेला, वर आमटीचं पानी. लेक वाढायला आली तर तिनं डेगीत पळी फिरवली, आन खाली खडखड वाजलं.

"अप्पा, थांबा, मी दोन भाकरी टाकते," ती म्हनली.

म्हनलं, "नको. असू दे. ह्याचं किती व्हतंय तेवढं सांग मला."

तिनं ताटाकडं बघितलं. तिला बी कागद पाठ झाला व्हता.

"तीन," ती म्हनली. "तीन चिंचोके, अप्पा."